जुन्या बॅटचं तुणतुणं करायचंय, कुणी केलंय का?

लेगबाय
नमस्कार मंडळी. दिवाळीआधी माळा आवरायला चढलो आणि माझी कॉलेजातली बॅट हाती लागली. काश्मीर विलो आहे, हँडल मुळाशी हलतंय, म्हणजे खेळायच्या कामाची नाही आणि टाकवत तर अजिबात नाही. लेक सातवीत आहे, गाणं शिकते, मोबाईलवर तंबोरा लावून बसते. ती म्हणाली बाबा याला तार लावली तर वाजेल का, मी लगेच वाजेल की म्हणून मोकळा झालो आणि आता फसलोय. घरात ड्रिल आहे, करवत आहे, पॉलिश पेपर आहे, अक्कल मध्यम. मला विचारायचंय ते असं की हँडलच्या टोकाला खुंटी आणि खाली पात्याच्या टोकाला स्क्रू अशी तार ताणली तर लाकूड झेलेल का, तार कुठली घ्यायची, आणि आवाज कुठून काढायचा कारण बॅट तर भरीव आहे. क्रिकेटचंच सामान वापरायचं असं काही नाही, घरात मोडका कॅरम, दोन बॅडमिंटनच्या रॅकेट आणि एक हेल्मेट पण पडलंय. फोटो टाकतोय.

पापडाचं_पीठ
फोटो दिसत नाहीत.

नॉनस्ट्रायकर
तार तुटली तर रन आऊट धरायचं का?

आळूवडी
घरात मोडका कॅरम, मोडकी बॅट, हेल्मेट... अहो घर आहे की जिमखान्याचं गोदाम :D वाचतेय, करून बघा आणि इथे कळवा. आमच्याकडे ह्यांनी लॉकडाऊनमध्ये टीपॉय केला होता, अजून त्याच्यावर कोणी कप ठेवत नाही.

खर्जातला_सा
एक बारीक तक्रार. याला तुणतुणं म्हणू नका. तुणतुण्याला खाली लाकडी किंवा पत्र्याचं पोकळ नळकांडं असतं, त्याचा तळ कातड्याने मढवलेला असतो, बाजूला दांडी ठोकलेली, आणि तार कातड्याच्या मधून निघून नळकांड्यातून वर खुंटीला जाते. आवाज येतो तो कातड्याचा. गोंधळ्याच्या, शाहिराच्या मागे जो झिलकरी, म्हणजे साथ धरणारा, उभा असतो त्याचं तुणतुणं जवळून बघा, कळेल. तुमच्याकडे नळकांडं नाही, कातडं नाही, म्हणजे उरलं काय तर दांडी. दांडीला नाव हवंच असेल तर बॅटतारी म्हणा.

लेगबाय
@खर्जातला_सा बॅटतारी फायनल! धाग्याचं नाव आता बदलता येत नाही, माफी असावी. मग मी हेल्मेटचं नळकांडं करू का? :)

खर्जातला_सा
करा, पण आतला फोम काढा आधी. आणि वर्षानुवर्षांचा घामाचा वास तारेतून निघत नाही हे लक्षात असू द्या.

अडकित्ता
माझे वडील सुतार, मी स्वतः फर्निचरच्या धंद्यात वीस वर्षं आहे, तर लाकडापुरतं बोलते. विलो हलकं आणि मऊ. पात्याचा पुढचा भाग दाबून घट्ट केलेला असतो, तिथे स्क्रू बरा धरतो, पण टोकाकडून रेषेच्या दिशेने आत स्क्रू घातलात तर हमखास चीर जाणार. आधी बारीक भोक पाडा, स्क्रूपेक्षा बारीक, आणि स्क्रूला साबण लावा. जुन्या बॅटीने जवसाचं तेल पिलेलं असतं त्यामुळे फेविकॉल धरत नाही, जिथे काही चिकटवायचं असेल तिथे आधी चांगलं घासून लाकूड उघडं करा. वर प्लॅस्टिकची शीट चिकटवलेली असेल तर हेअर ड्रायरने गरम करून सोला, पटाशी घालू नका.
ताणाची काळजी नको. एकदोन तारांनी बॅट मोडत नाही, लाकूड त्याहून कितीतरी जास्त सोसून बसलेलं आहे. काळजी त्या हलणाऱ्या हँडलची.

गणित_नको
नावावर जाऊ नका, गणितच करतो. तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो, लांबी, ताण आणि तारेचं वजन. लांबी निम्मी केली की स्वर एक सप्तक वर, पण ताणाने सप्तक वर न्यायचं तर ताण चौपट लागतो. समजा तारेचा मोकळा भाग ६० सेंमी ठेवला आणि बॅडमिंटनची ०.७० मिमीची नायलॉनची तार घेतली तर काळी एक (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा सा) लावायला साधारण ५ किलोचा ताण येतो. रॅकेटवर हीच तार २४ पौंडाला म्हणजे जवळजवळ ११ किलोला बांधतात, म्हणजे तिला हे काम म्हणजे पेन्शन. सतारीची ०.३० ची पोलादी तार घेतलीत तर सव्वासहा किलो. बॅटची पूर्ण लांबी नियमाने जास्तीत जास्त ३८ इंच म्हणजे साडेशहाण्णव सेंमी असते, तेव्हा जागा भरपूर आहे.

देशस्थ_फिरकी
मला एक कळत नाही, चांगली बॅट दुरुस्त करून गल्लीतल्या एखाद्या पोराला का देत नाही? हँडल नवीन बसवून मिळतं. लोकांना खेळायला बॅट नाही आणि इथे तारा लावताहेत. दसऱ्याला आपण बॅटीची पूजा केलेली असते हो.

लेगबाय
@देशस्थ_फिरकी पटतंय तुमचं. पण विचारून आलो. नवीन हँडलचे जेवढे सांगितले त्यात पोरांना टेनिस बॉलची नवी बॅट येते, तर ती घेऊन दिली खालच्या मुलांना. आता माझ्या बॅटीचं मी काही पण करू शकतो ना :)

मिरजेचा_पाव्हणा
माझं आजोळ मिरज, लहानपणी सुट्टीत सतारमेकर गल्लीत तासन् तास उभा राहायचो, त्यामुळे चार शब्द. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, अभिमान म्हणून सांगतो.) तिथे भोपळा येतो तो पंढरपूर बाजूचा, आणि कारागीर भोपळ्याला टिचक्या मारून ऐकतो. तुम्ही पण तेच करा. बॅट दोन बोटांत हँडलला सैल लटकवा आणि पात्यावर खालून वर टिचक्या मारत जा. कुठे ठक्क येईल, कुठे टण्ण. बॅट्समन ज्याला मिडल म्हणतात तिथे हाताला कमी झिणझिण्या येतात कारण तिथे लाकूड कमी थरथरतं. आपल्याला घोडी, म्हणजे तार जिच्यावर टेकते तो पूल, तिथे ठेवून चालणार नाही, आपल्याला थरथरणारी जागा हवी.

टोरांटोची_थंडी
इकडे कॅनडात एक गिटार आहे, २००६ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आणली, देशभरातून जमवलेल्या तुकड्यांची केलेली. त्यात माजी पंतप्रधान पियर ट्रूडो यांच्या होडीच्या वल्ह्याचं लाकूड आहे आणि हॉकी स्टिकचं पण. म्हणजे तुमची कल्पना अगदीच येडचाप नाही. आता आपल्याकडे तशी करायची झाली तर काय काय घालायचं? विटीदांडू, मल्लखांब, ...

नॉनस्ट्रायकर
मल्लखांबाचा तंबोरा. एरंडेल चोळलेला. गवय्या वर चढून उलटा लटकून ख्याल गाणार.

आळूवडी
हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

अडकित्ता
हॉकीवरून आठवलं. आपल्याकडच्या जुन्या लाकडी हॉकी स्टिक तुतीच्या असतात, आणि काश्मीर-अफगाणिस्तानकडचा रबाब पण तुतीतच कोरतात. एकाच झाडाच्या फांदीतून एक गोल मारायला गेली आणि एक मैफलीत गेली.

खर्जातला_सा
अवांतर होतंय पण राहवत नाही. खेळाच्या सामानाचं वाद्य म्हणून एवढं नवल करताय, शाळेत लेझीम कोण कोण खेळलंय? लेझीम म्हणजे मुळात धनुष्य. दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावलेलं, ताकद कमवायचं तालमीतलं साधन. त्याला झांजा लागल्या आणि ते हलगीच्या तालावर नाचायला लागलं. आणि धनुष्याची दोरी छेडली तर टणत्कार होतोच, तमिळनाडूत विल्लुपाट्टू म्हणून गाण्याचा प्रकार आहे त्यात चक्क मोठं धनुष्य घुंगरं बांधून वाजवतात. तेव्हा लेगबाय, तुमच्याआधी बऱ्याच जणांनी ही खटपट केलेली आहे.

पापडाचं_पीठ
लेझीम धनुष्य होतं हे माहीतच नव्हतं. चौथीत माझ्या लेझमीची साखळी निसटून बाईंच्या पायावर पडली होती, आता कळलं ते शस्त्र होतं.
(फोटो अजून दिसत नाहीत.)

टोरांटोची_थंडी
उलटं पण झालंय. फ्रान्सच्या लिऑनमधली बाबोला कंपनी आधी वाद्यांसाठी आतड्याच्या तारा करायची, १८७५ मध्ये त्यांनी टेनिसच्या रॅकेटसाठी तारा करायला घेतल्या. म्हणजे रॅकेटने तार वाद्याकडून उसनी घेतलीय, परत मागितली तर बिघडलं कुठे.

लेगबाय
मंडळी, पहिला प्रयत्न केला. निकाल सांगायला लाज वाटतेय. हँडलच्या टोकाला गिटारची एक चावी बसवली (दुकानदार म्हणाला सहाचा सेट घ्या, एक मिळणार नाही, मी सेट घेतला, बायकोला सांगू नका), खाली स्क्रू, दोन्हीकडे लाकडाच्या पट्ट्या, बॅडमिंटनची तार. छेडलं. टुक. एवढंच. टण्ण नाही, टुंग नाही, टुक, कुकरच्या झाकणावर चमचा पडावा तसं. आणि पाच मिनिटांत स्वर खाली. परत लावला, परत खाली. लेक म्हणाली बाबा हा सा नाही हा "साss" आहे, घसरगुंडीवरचा.

सायलेंट_मोड
दोन गोष्टी एकत्र झाल्यात. नायलॉन नवीन असताना ताणत राहतं, गिटारच्या नायलॉन तारा पण पहिले दोनतीन दिवस असंच करतात, ते थांबेल. पण मुख्य गुन्हेगार हँडल आहे. तुम्ही कधी फुटलेलं हँडल बघितलंय का आतून? वेताचे तुकडे एकमेकांना चिकटवलेले असतात आणि मधे रबराच्या पट्ट्या. का, तर चेंडूचा हादरा हातापर्यंत जाऊ नये. म्हणजे बॅट बनवणाऱ्याने कंपन मारायचीच सगळी सोय करून ठेवलीय, आणि तुम्ही तारेचं एक टोक नेमकं तिथे बांधलंय. तार बिचारी ओरडतेय आणि रबर तिचं तोंड दाबतंय. त्यात हँडल मुळाशी सैल, ताण आला की ते वाकतं, स्वर उतरतो.
माझं मत, हँडलचा नाद सोडा. दोन्ही टोकं पात्यावरच घ्या.

लेगबाय
@सायलेंट_मोड अहो हे आधी का नाही सांगितलंत!! मी चाव्यांचा सेट घेऊन बसलोय.

सायलेंट_मोड
आधी तुमचा धागा वाचला नव्हता. आणि आमच्याकडे नाईट शिफ्ट असते.

अडकित्ता
बरोबर आहे. खुंट्या पात्याच्या खांद्यावर घ्या. फक्त हँडलची पाचर व्हीच्या आकारात पात्यात खोल उतरलेली असते, त्या व्हीमध्ये भोक पाडू नका, डावीकडे एक उजवीकडे एक अशी दोन पाडा, पुढून मागे आरपार. दोन तारा बसतील. आणि चाव्या ठेवून द्या हो, तुमच्याकडे स्टंपांवरच्या बेल्स असतील ना? बेल्सच्या खुंट्या करा! छान लाकूड, कातलेलं, हातात धरायला गोल. जराशी निमुळती घासा, भोक पण तसंच निमुळतं करा, आणि घसरायला लागली तर खडूची पूड लावा. विलो मऊ आहे म्हणून भोक हळूहळू मोठं होईल, तेव्हा आत कडक लाकडाची चकती बसवून मग भोक पाडलं तर उत्तम, कंटाळा असेल तर नुसतं पाडा.

नॉनस्ट्रायकर
खुंटी घसरली की अंपायरने बोट वर करायचं.

गणित_नको
खांद्यापासून खालपर्यंत म्हणजे ४८ सेंमी धरू. काळी एकला सतारीची ०.३० ची तार बरोबर ४ किलो. खर्जाच्या सा साठी तीच तार वापरलीत तर ताण पाव होऊन १ किलो, मग ती तार नाही, कपडे वाळत घालायची दोरी. तिथे टेनिसची जाड १.३० ची लावा, पावणेतीन किलोच्या आसपास येईल. ती कुठल्याही तारा बांधून देणाऱ्या दुकानात कापलेले तुकडे फुकट मिळतात, अर्ध्या मीटरचा तुकडा त्यांच्या काही कामाचा नाही.
वाजवताना तोंड जवळ नेऊ नका, पोलादी तार तुटली तर डोळ्यावर येते. लेकीला चष्मा घालायला सांगा, साधा असला तरी चालेल.

मिरजेचा_पाव्हणा
आता घोडी. कॅरम मोडलाय म्हणालात, सोंगट्या आहेत का? एक लाकडी सोंगटी आडवी, म्हणजे सपाट, पात्याच्या टोकाजवळ ठेवा आणि तार तिच्यावरून न्या. तंबोऱ्याची घोडी अशीच रुंद असते, गिटारसारखी धारदार नाही. सोंगटीच्या वरच्या बाजूला बारीक पॉलिश पेपरने अगदी किंचित उतार द्या, तार ज्या बाजूने पात्याकडे धावते तिकडे. किती किंचित तर डोळ्याला दिसला की जास्त झाला समजा. मग तारेखाली सुती दोरा सरकवायचा आणि पुढेमागे करत राहायचं. एका जागी तार अचानक बोलायला लागते. तीच जवारी. मिरजेत हे काम करणारा माणूस अर्धा दिवस एका घोडीवर घालवतो, कानस मारतो, ऐकतो, परत कानस. तुम्हाला एक रविवार पुरेल. जवारी पोलादी तारेवरच खुलेल, टेनिसच्या तारेकडून अपेक्षा ठेवू नका.

आळूवडी
सोंगटी कुठली, काळी की पांढरी?

मिरजेचा_पाव्हणा
काळी एक लावायची तर काळीच.

पापडाचं_पीठ
राणी वापरा की. कव्हर घेतल्याशिवाय राणी मिळत नाही पण, दुसऱ्या तारेखाली एक सोंगटी ठेवा म्हणजे कव्हर झालं.

खर्जातला_सा
पडदे (स्वरांच्या जागा दाखवणाऱ्या आडव्या पट्ट्या) लावणार असाल तर गिटारच्या मापांच्या भानगडीत पडू नका. ४८ सेंमीवर पेन्सिलने खुणा करा, वरच्या टोकापासून मोजायचं. तारेच्या पाचव्या हिश्शावर म्हणजे ९.६ ला शुद्ध गंधार, चौथ्या हिश्शावर १२ ला मध्यम, तिसऱ्या हिश्शावर १६ ला पंचम, मधोमध २४ ला तार षड्ज. रिषभ नवव्या हिश्शाला, ५.३. पेटीवर शिकणाऱ्या मुलीला हा गंधार पेटीपेक्षा जरा उतरलेला वाटेल, वाटू दे, त्यावर बोलायला एक संध्याकाळ मिळेल तुम्हाला.

देशस्थ_फिरकी
पडदे कशाला, घसरवा की.  विश्वमोहन भट्टांनी गिटारवर सळई घसरवून १९९४ ला ग्रॅमी आणलं. कॅरमचा स्ट्रायकर घ्या हातात आणि त्याची कड तारेवर टेकवून सरकवा.
(हो मीच, बॅट द्या म्हणणारा. बॅट दिलीत ना, मग झालं.)

लेगबाय
@देशस्थ_फिरकी लोटांगण. स्ट्रायकर!!

सायलेंट_मोड
आवाजाचं राहिलंच. भरीव लाकूड एकटं फार बोलणार नाही. २७ मिमीची पिझो चकती मिळते इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात, बझरमध्ये असते तीच, अगदी स्वस्त. घोडीजवळ चिकटवून गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडा. साध्या स्पीकरला थेट जोडलीत तर आवाज पत्र्यासारखा येईल, तिला पुढे जास्त रोधाचं इनपुट लागतं, एक मेगाओहमच्या घरात. नाहीतर वीज नकोच, घोडी पात्याच्या टोकाजवळ आहे ना, मग ते टोक एखाद्या पातळ फळीवर टेकवा. स्वरकाटा टेबलावर टेकवला की मोठा ऐकू येतो तसं.

अडकित्ता
मोडका कॅरम! स्पर्धेचा जाड असेल तर उपयोग नाही, जाड प्लाय तारेच्या जोरावर हलतच नाही. पोरांचा हलका चार मिलीवाला असेल तर गाईल.

लेगबाय
आमचा पोरांचाच आहे, कोपऱ्यातल्या एका जाळीजवळ प्लायचे पदर सुटलेत.

लेगबाय
तीन आठवड्यांनी येतोय. झालं! आता सविस्तर, कारण तुम्ही सगळ्यांनी माझ्यावर इतका वेळ घातलाय.
बेल्सच्या खुंट्या पहिल्या दिवशी फिरकत नव्हत्या, दुसऱ्या दिवशी थांबत नव्हत्या, खडूने जमलं. उजवीकडचं भोक पाडताना ड्रिल तिरकं गेलं आणि मागून एवढी ढलपी उडाली, अडकित्ताताई म्हणाल्या असत्या मागे फळीचा तुकडा धरून भोक पाडायचं, ते मला ढलपी उडाल्यावर सुचलं. घोडीला एक रविवार नाही, तीन लागले. पहिल्या सोंगटीला उतार जास्त झाला, तार नुसती खरखरायची, चार्जर खराब झाल्यासारखी. दुसरीला काहीच झालं नाही. तिसरी राणी होती (कव्हर ठेवलंय, काळजी नसावी). दोरा सरकवता सरकवता रात्री अकराला अचानक तार अशी काही झणझणली की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, म्हणाली मोबाईल लावलाय का. मी म्हणलं नाही, बॅट आहे. पाच सेकंद कोणी काही बोललं नाही.
आता बॅट कॅरमवर उभी असते, गार्ड घेतल्यासारखी, टोक बरोबर मधल्या वर्तुळाच्या जरा बाजूला, तिथे सगळ्यात मोठा वाजतो. अगदी मधे का नाही ते गणित_नको यांनी सांगावं. हँडल लेकीच्या खांद्याला टेकतं. आवाज खोलीपुरता आहे, मिक्सर चालू असेल तर नाही. भूप रागाचा आरोह ती स्ट्रायकरने काढते, अवरोहात घसरते. पिझो अजून लावली नाही, लावावीशी वाटत नाहीये. टेनिसची तार खर्जात छान घुमते पण रोज सकाळी उतरलेली असते, हवेमुळे का तारेमुळे कळत नाही.
फोटो आणि आवाजाची फाईल दोन्ही टाकलंय.

गणित_नको
मधोमध टेकवलं की फळीचे काही प्रकारचे कंप उठतच नाहीत, कारण त्यांच्यासाठी मधली जागा स्थिर असते. जरा बाजूला सरकलं की तेही उठतात. तंबोऱ्याची घोडी पण तबलीच्या, म्हणजे भोपळ्यावरच्या फळीच्या, बरोबर मधे नसते.

मिरजेचा_पाव्हणा
राणीवर जवारी निघाली हे आजोळी सांगितलं तर मला गल्लीत घेणार नाहीत. पण ऐकली फाईल. निघालीय.
रोज उतरते ती नायलॉनमुळे. तिथे पितळेची तार घेऊन बघा, तंबोऱ्याची खर्जाची मिळते, खुंटी मात्र जरा जाड लागेल.

आळूवडी
फारच गोड! लेकीला शाबासकी. हे आमच्या टीपॉयला तारा लावायचं म्हणताहेत, काय सांगू?

अडकित्ता
काच असेल तर नको.

नॉनस्ट्रायकर
आमच्या सोसायटीत एक टेबल टेनिसचं टेबल आहे, एक पाय मोडका. चार जणांत एक स्वरमंडल होईल का? सिरियसली विचारतोय यावेळी.

अडकित्ता
जाडी किती आहे ते मोजून सांगा.

पापडाचं_पीठ
फाईल वाजली, मस्त. फोटो दिसत नाहीत.